तिसऱ्या रांगेतली चौथी कबर

हुंग्याची आपल्याला काडीचीही भीती वाटत नाही, असं नाताल रुमाव त्या मे महिन्यात भेटेल त्याला सांगत सुटली होती. आता कुणी विचारलेलं नसताना माणूस असं सांगत सुटलं, की कुठंतरी पाणी मुरतंय हे शहाण्याला कळतं. पण वेळगावात तेव्हा शहाणं राहिलं होतं कोण? जो तो आपले खापरपणजोबा शोधण्यात दंग.

वेळगाव म्हणजे वसईच्या किनाऱ्यावरचं गाव. अर्धी वस्ती फुलं-केळी पिकवणाऱ्या वाडीवाल्यांची, अर्धी कोळ्यांची, आणि दोन्हीकडची माणसं एकाच देवळातली. चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात. समुद्र दर वर्षी चार-सहा हात आत येत होता. आधी सुरूचं बन गेलं, मग वाळूची टेकडी गेली, आणि गेल्या ऑगस्टच्या उधाणात दफनभूमीची पश्चिमेकडची भिंत गेली. भिंतीबरोबर सात कबरी गेल्या. लोकांनी लाटांतून हाडं वेचली, टोपल्या भरल्या, आणि कुणाचं काय हे कुणालाच सांगता येईना. तेव्हा ठरलं, की पुढच्या पावसाळ्याआधी सगळी दफनभूमीच उचलायची आणि तीन किलोमीटर आत, चढावरच्या नव्या जागेत न्यायची. ज्याची हाडं त्याच्या घरच्यांच्या हाती द्यायची. घरच्यांनी पेटी उचलायची आणि चालत न्यायची.

बोलायला सोपं आहे हो. वेळगावात जागा पहिल्यापासून चिमूटभर. सिमेंटच्या पक्क्या कबरी सोडल्या तर बाकीची कबर सात-आठ वर्षांनी उघडायची, आधीच्याची हाडं देवळामागच्या हाडांच्या विहिरीत सोडायची आणि त्याच खड्ड्यात नवा माणूस निजवायचा, ही रीत. एकेका खड्ड्यात पाच-पाच पिढ्यांची माती. अपवाद फक्त बुडून मेलेल्यांचा. ‘समुद्रानं एकदा हलवलं, आता माणसानं हलवू नये,’ असं जुनी माणसं म्हणायची, आणि त्यांच्या कबरीला कुणी फावडं लावत नसे.

म्हणून ते यंत्र आलं. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘मृदा-वंशाणू विश्लेषक’. गावानं दोन दिवसांत त्याचं ‘हुंग्या’ केलं, कारण ते माती हुंगून माणूस सांगायचं. शिवणयंत्राएवढा करडा डबा आणि त्याच्याबरोबर पुण्याची शर्वाणी नेवसे नावाची मुलगी. डोक्याला टॉवेल गुंडाळून ती दिवसभर रांगांमधून फिरायची आणि चमच्याएवढी माती उचलायची.

तसं बघितलं तर शास्त्र अवघड नाही. माणूस मातीत गेला की मांस जातं, पण पेशींमधला डीएनए, म्हणजे तो माणूस घडवायची जी कृती, ती सगळी जात नाही. तिचे बारीक तुकडे होतात आणि हाडांच्या चुन्याला, चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतात. आमच्यासारख्या दमट, खारट जमिनीत ते टिकत नाहीत, असं पूर्वी शास्त्रज्ञच म्हणायचे. मग कुणीतरी एक असं विकर, म्हणजे एन्झाइम, शोधलं, की जे झिजलेल्या तुकड्यांची टोकं दुरुस्त करतं, आणि चिमूटभर मातीतून लाखो तुकडे वाचता यायला लागले. फाटलेल्या वहीचे कपटे जुळवावेत तसं हुंग्या ते जुळवतो. शेजारी ठेवून बघायला त्याला जिवंत नातेवाइकाची लाळ लागते. आईची अर्धी कृती मुलात उतरते, नातवात पाव, पणतवात त्याच्याही निम्मी. किती जुळलं यावरून तो सांगतो, की हे दोघं एकमेकांपासून किती पायऱ्यांवर आहेत.

मात्र हुंग्या पायऱ्या सांगतो, नाव सांगत नाही. नावं देवळाच्या दप्तरात. बाप्तिस्मा, लग्न आणि मरण, तिन्हींची दोन-अडीचशे वर्षांची बाडं, आधी पोर्तुगीज आणि मग मराठी, मधून मधून वाळवीनं चाळण केलेली. त्या दप्तराच्या कपाटाची किल्ली तीस वर्षं नातालच्या कमरेला होती. शर्वाणीनं पायरी सांगायची आणि नातालनं बाड उघडून दार दाखवायचं, असं दोघींचं छान जमलं होतं. कोळ्यांशी आमची कधी सोयरीक झाली नाही म्हणून मिशीला पीळ देणाऱ्या एका वाडीवाल्याला या दोघींनी कोळीवाड्यात सहा चुलत भाऊ काढून दिले. तो आठवडाभर मिशी घेऊन घरातच बसला. गाव हसून हसून बेजार झालं. नातालही हसायची, पण तिचं लक्ष तिसऱ्या रांगेकडे असायचं.

तिसऱ्या रांगेत आठ कबरी. त्यातल्या सहा सिमेंटच्या. मधल्या दोन मातीच्या, लाकडी क्रूस लावलेल्या, आणि त्या दोन्ही बुडालेल्यांच्या.

तीस वर्षांपूर्वी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, सगळ्यांनी होड्या वर ओढल्या असताना दुमिंग तांडेल ‘एक शेवटची फेरी’ म्हणून निघाला. तांडेल म्हणजे होडीचा कारभारी. त्याचा शब्द शेवटचा. बरोबर आला आंतोन, रेजिनाचा एकुलता एक मुलगा, वय एकोणीस. हवा खराब होणार हे मोबाईलवर सगळ्यांना आलं होतं. दुमिंगलाही आलं होतं. चौथ्या दिवशी दोघांचे देह सापडले, पेट्या बंद करूनच आणल्या, आणि शेजारी शेजारी पुरल्या. दुमिंगची बायको लेकराला घेऊन वर्षाच्या आत गाव सोडून गेली. पुन्हा तिचा पत्ता नाही.

आता वेळगावची आणखी एक रीत सांगायला हवी. पावसाळी वाऱ्यात लाकडी क्रूस उन्मळतात, कुजतात. म्हणून जूनआधी ते सगळे उपटून देवळाच्या पडवीत ठेवायचे आणि नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, लोक मेणबत्त्या घेऊन येण्याआधी पुन्हा रोवायचे. क्रूसाच्या पाठीवर रांग आणि नंबर. हे काम कबरी खणणाऱ्या बस्त्यावचं. त्या वर्षी बस्त्याव ऑगस्टमध्ये तापानं गेला. म्हणून ऑक्टोबरात बत्तीस वर्षांची, नुकतीच दप्तरात लागलेली नाताल क्रूस घेऊन स्वतः गेली. पावसानं दोन्ही कबरी सपाट झालेल्या, वर गुडघाभर गवत. नंबर बघितला: आंतोन चौथा, दुमिंग पाचवा. तिनं फाटकाकडून मोजलं आणि क्रूस रोवले.

बस्त्याव समुद्राकडून मोजायचा.

आठांच्या रांगेत फाटकाकडून चौथी ती समुद्राकडून पाचवी. हे नातालला कळलं बारा वर्षांनी, जुनी बाडं संगणकात उतरवताना. ‘रांग तिसरी, दुसरी कबर’ म्हणून जिची नोंद होती ती सिमेंटची कबर तिच्या आठवणीत फाटकाकडून सातवी होती. तिनं उठून जाऊन प्रत्यक्ष मोजलं. तीनदा मोजलं.

तेव्हाच सांगायचं ना, असं तुम्ही म्हणाल. सांगायचं कुणाला? रेजिनाला? रेजिना रोज संध्याकाळी साडेपाचला आंतोनच्या क्रूसाशी येऊन बसायची. पापलेट कसं मिळालं, गुडघा कसा दुखतो, सगळं त्याला सांगायची. उशाशी तिनं अनंताचं रोप लावलं होतं, ते आता माणसाच्या डोक्यावर गेलं होतं, त्यामुळे क्रूस गुपचूप बदलायचीही सोय नव्हती. आणि उठताना, रोज, न चुकता, ती शेजारच्या कबरीकडे वळून थुंकायची. “मेल्या, तुला जागा नाही मिळणार,” म्हणायची आणि घरी जायची.

ती स्वतःच्या पोरावर थुंकत होती. हे कुठल्या तोंडानं सांगणार?

नातालनं हे एकदा पापनिवेदनात सांगितलं होतं. त्या फादरांनी प्रायश्चित्त दिलं, “जाऊन तिला सांग.” पुढच्या महिन्यात फादरांची बदली झाली आणि नातालनं प्रायश्चित्तही त्यांच्याबरोबर पाठवून दिलं. त्याऐवजी ती दर रविवारी पहाटेच्या मिस्सानंतर दुमिंगच्या क्रूसाशी जायची, जागा पुसायची, पाणी शिंपडायची आणि एक मेणबत्ती लावायची. गाव काय आंधळं आहे? लोक म्हणायला लागले, लग्नाआधी दुमिंगचं आणि हिचं काहीतरी होतं. नातालनं ते म्हणू दिलं. अठरा वर्षं म्हणू दिलं.

“काकू, तिसऱ्या रांगेतले चार आणि पाच राहिलेत,” शर्वाणीनं एका सकाळी विचारलं. “पाचचं कुणीच नाही म्हणता. पण चारची आई आहे ना गावात? त्यांची लाळ?”

“रेजिनामावशी ना? तिला बरं नाहीय.”

“काल तर मला बोंबील घे म्हणून मागे लागल्या होत्या.”

“काल होती बरी,” नाताल म्हणाली.

शर्वाणीनं झाकणाची छोटी नळी तिच्या हातात ठेवली. “मग तुम्हीच आणा. उद्या सकाळी, काही खायच्या-प्यायच्या आधी. अर्धी नळी पुरे.”

नळी पदरात बांधून नाताल दिवसभर फिरली. तिच्या डोक्यात एकच हिशेब. लाळ जुळली तर चूक बाहेर. लाळ कुणाशीच जुळली नाही तर दोन्ही कबरी जशाच्या तशा, क्रूसावरच्या नावांनी जातील, आणि रेजिना म्हातारी आहे, जायचे तेवढे दिवस सुखानं जातील. दुसऱ्या दिवशी सकाळी नाताल मोरीत गेली, दार लावलं, आणि स्वतःच त्या नळीत थुंकली. बासष्टाव्या वर्षी, सात वेळा देवाची क्षमा मागत. नळीवर रेजिनाचं नाव लिहिलं, आणि अक्षर चांगलं आलं. दप्तरातलं अक्षर होतं ते.

तिसऱ्या दिवशी शर्वाणीनं तिला बोलावलं आणि खुर्ची पुढं केली. नुसतं बोलावलं असतं तर नाताल घाबरली नसती. खुर्ची बघून घाबरली.

“काकू, हुंग्याच्या मते तुम्ही आणि रेजिनाबाई एकच बाई आहात.”

नातालनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“पहिल्या दिवशी गावाला दाखवायला म्हणून मी सर्वांत आधी तुमची लाळ घेतली होती. विसरलात?”

विसरली होती खरी. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात, पण चोराची आठवण अशी दगा देते. नातालच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याबरोबर सगळं बाहेर पडलं. फाटक, समुद्र, चौथी, पाचवी, थुंकणं, मेणबत्त्या, सगळं. शेवटी नातालनं तिचा हात धरला. “पोरी, एवढं कर. जुळलं नाही म्हणून लिही. क्रूसावर जे नाव आहे त्या नावानं दे.”

“क्रूस पुरावा म्हणून चालत नाही, काकू. गेल्या महिन्यातच नियम आला. ज्या कबरीला नातेवाइकाचा नमुना आणि सही नाही ती अनोळखी. आणि अनोळखी सगळे विहिरीत.”

“दोघंही?”

“दोघंही. शनिवारी पेट्या निघणार. शुक्रवार सकाळपर्यंत खरी लाळ आली तर त्यांचा मुलगा त्यांना मिळेल. नाही आली तर कुणीच मिळणार नाही.” शर्वाणीनं टॉवेलनं तोंड पुसलं. “आणि आणखी एक. आंतोनच्या क्रूसाखाली जो माणूस आहे, त्याचं तुमच्याशी नातं लागतंय. लांबचं आहे, पण आहे. चार पिढ्या वर जाऊन बघा.”

नाताल तशीच उठून कपाटाशी गेली. काहीतरी करायला हवं होतं, नाहीतर वेड लागलं असतं. तिच्या पणजीचं नाव कतरिना एवढंच घरात ठाऊक होतं. माहेर कुठलं असं विचारलं की आजी विषय बदलायची. लग्नाच्या बाडात जुन्या काळी बायकांचं माहेर लिहीत नसत, ‘अमक्याची बायको’ म्हणून मोकळे होत. म्हणून नातालनं बाप्तिस्म्याचं बाड उघडलं आणि त्या सुमाराच्या सगळ्या कतरिना काढल्या. चार निघाल्या. तिघींची मरणं लहानपणीच. चौथी कोळीवाड्यातल्या, पिढीजात तांडेल असलेल्या घरातली. तिच्याच घरातला पुढच्या पानावरचा मुलगा, तिचा पाठचा भाऊ, दुमिंगचा पणजोबा.

संध्याकाळी बातीस, म्हणजे नातालचा नवरा, वाडीतल्या पंपाचा नट आवळत बसला होता. ती समोरच्या दगडावर बसली आणि त्यालाही सगळं सांगितलं. एकदा तोंड उघडलं होतं, आता बंद होईना. तो पाना हातात धरून ऐकत राहिला.

“म्हणजे ती मेणबत्ती,” तो सावकाश म्हणाला, “दुमिंगला नव्हती?”

“नव्हती.”

“अठरा वर्षं मला वाटत होतं...”

“तुला वाटत होतं आणि तू एकदाही विचारलं नाहीस?”

“विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस तर?” बातीसचा आवाज चिरकला. “म्हटलं, मेलेलाच आहे ना बिचारा. जळू दे एक मेणबत्ती.”

नातालला त्याच्या खांद्यावर दोन गुद्दे घालावेसे वाटले आणि गळ्यातही पडावंसं वाटलं. दोन्हीही जमलं नाही, तो पंपाच्या चिखलानं माखला होता. अठरा वर्षं तिनं आपण एकटीच ओझं वाहतोय असं धरलं होतं, आणि हा माणूस शेजारच्या खाटेवर तेवढंच ओझं घेऊन निजत होता.

“आणि आता तर तो माझा भाऊ निघाला,” ती म्हणाली. “पणजी कोळीवाड्यातली.”

“तरीच!” बातीस म्हणाला. “तुला बोंबलाशिवाय घास जात नाही.” मग पाना खाली ठेवून म्हणाला, “जा. आत्ता जा तिच्याकडे. उद्यावर टाकलंस तर पुन्हा मोरीत जाऊन थुंकशील.”

साडेपाच वाजून गेले होते. रेजिना नेहमीच्या जागी, अनंताच्या सावलीत, पाय पसरून बसली होती. चौऱ्याऐंशीची बाई, पण मासळीबाजारात अजून तिचा आवाज सगळ्यांच्या वर.

“ये गो नाताल. तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं?”

नाताल उभीच राहिली. बसली असती तर सांगता आलं नसतं. “मावशी, मी चूक केली. तीस वर्षांपूर्वी. तू बसलीयस ती आंतोनची कबर नाही.”

“काय बडबडतेस?”

“क्रूस मी लावले. उलटे मोजले. इथं दुमिंग आहे. आंतोन तिथं आहे.”

रेजिनानं शेजारच्या कबरीकडे बघितलं. मग हाताखालच्या मातीकडे. पुन्हा शेजारी. समुद्र भिंत पडलेल्या बाजूनं जवळजवळ आतच आल्यासारखा वाजत होता. ती बोलली तेव्हा बाजारातला तो आवाज कुठंच नव्हता.

“मी त्याच्यावर थुंकले गो.”

“मावशी, तुला ठाऊक नव्हतं.”

“रोज थुंकले.”

“मी पुसायची. कळलं तेव्हापासून दर रविवारी पुसायची. मेणबत्ती लावायची. मोठी, विकत आणलेली. एक रविवार चुकला नाही, पावसात छत्री धरून लावली. तिथं अंधार नव्हता मावशी, आईशप्पथ नव्हता.”

“कधी कळलं तुला?”

“अठरा वर्षं झाली.”

आता मात्र रेजिना उठली. कुणाचा आधार न घेता उठली. “अठरा वर्षं तू मला थुंकू दिलंस?”

नातालनं पदराची गाठ सोडली आणि शर्वाणीनं दिलेली नवी नळी पुढं केली. शुक्रवार सकाळ, विहीर, अनोळखी, सगळं घाईघाईनं सांगितलं. रेजिनानं नळी हिसकावून घेतली, तोंडाशी नेली आणि तशीच थांबली. पुन्हा प्रयत्न केला. ओठ हलले, गाल आत गेले, पण नळी कोरडीच.

“येत नाही,” ती म्हणाली. “एवढी वर्षं येत होती. आज येत नाही.”

मग ती रडायला लागली, मोठ्यानं, कोळीवाड्यात मयताला रडतात तशी. नाताल जवळ गेली तेव्हा तिनं हात झटकला. “जा तू. मला तुझं तोंड बघायचं नाही.” नाताल फाटकापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. अर्ध्या तासानं रेजिना तिच्या शेजारून निघून गेली, मान न वळवता, आणि जाताना नळी फाटकाच्या खांबावर ठेवून गेली. अर्धी भरलेली होती.

शनिवारी सकाळी देवळापुढं मांडवात पेट्या मांडल्या होत्या, साध्या फळ्यांच्या, दीड-दोन हात लांब. फादरांनी प्रार्थना म्हटली आणि एकेका घराचं नाव पुकारलं जायला लागलं. तोवर तिसऱ्या रांगेची गोष्ट गावभर झाली होती. नाताल कोपऱ्यात दप्तर घेऊन बसली होती, आणि तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. दोन बायकांनी मात्र जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवला. दुमिंगचं आणि हिचं काहीतरी होतं म्हणणाऱ्या त्याच ह्या बायका.

“आंतोन,” शर्वाणीनं वाचलं. “आई आणि मुलगा. शंका नाही.”

रेजिना पुढं आली. पेटीचं झाकण तिनं पदरानं पुसलं. जिथं धूळ होती तिथं पुसलं, नव्हती तिथंही पुसलं. पुसतच राहिली. मागं रांग खोळंबली. मग पेटी छातीशी धरून ती निघाली आणि मांडवाच्या टोकाला जाऊन थांबली. तिथं वेगळ्या फळीवर, ताडपत्रीखाली, विहिरीत जायच्या पेट्या होत्या.

“तो कुठाय?” तिनं शर्वाणीला विचारलं.

“कोण?”

“तो मेला. दुमिंग.”

शर्वाणीनं एका पेटीकडे बोट दाखवलं. “त्यांच्या घरून कुणी आलं नाही, आजी. वर्तमानपत्रात तीन नोटिसा दिल्या. म्हणून—”

“बुडालेल्याला विहिरीत टाकणार?”

“नियम आहे.”

“तुझा नियम ठेव तुझ्यापाशी.” बाजारातला आवाज परत आला होता, सगळा मांडव वळून बघायला लागला. “तीस वर्षं मी सगळं ह्यालाच सांगितलंय. माझा गुडघा, माझा नवरा गेला तो दिवस, आंतोनच्या लग्नात काय काय करणार होते ते. ह्याच्या उशाशी बसून ह्यालाच शिव्या घातल्या, आणि ह्यानं गुपचूप ऐकून घेतल्या. माझ्या पोराला घेऊन बुडाला, ते मी मरेपर्यंत विसरायची नाही. पण आता ह्या वयात मी दुसरा कोण शोधू? उचला त्याला.”

“आजी, नातेवाइकाची सही लागते हो.”

नाताल उठली. सगळ्यांच्या देखत मांडव ओलांडून फळीपाशी आली आणि पेन मागितलं. शर्वाणीनं विचारलं, “नातं काय लिहू, काकू?”

“पणजीच्या भावाचा पणतू,” नाताल म्हणाली आणि सही केली.

बातीसनं दुमिंगची पेटी उचलली. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून आला आणि उचलली, आणि सांभाळून धरली. तीन किलोमीटरची चढण रेजिना आंतोनला छातीशी धरून चालली. दोनदा बसली, पण पेटी कुणाच्या हाती दिली नाही. नाताल दहा पावलं मागून दप्तर घेऊन चालत होती. पुढं जायचा धीर होत नव्हता आणि मागं राहणंही जमत नव्हतं.

नव्या जागेत लाल मातीत खड्डे तयार होते, सरळ रांगांमध्ये, आणि प्रत्येकाच्या उशाशी नंबराची पट्टी. तिसऱ्या रांगेशी सगळे थांबले. शर्वाणी म्हणाली, की इथं एकदाच काय ते ठरवून दप्तरात लिहून ठेवू, कुठल्या बाजूनं मोजायचं. सगळे नातालकडे बघायला लागले. नातालनं दप्तर छातीशी घट्ट धरलं.

रेजिनानं पेटी खाली ठेवली, कंबर सरळ केली, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

“नाताल, लिही गो. एका बाजूला माझा पोर, एका बाजूला हा. मधली जागा माझी. मग कुणी फाटकाकडून मोजू दे, नाहीतर समुद्राकडून.”

नातालनं दप्तर उघडलं. दोन नावं शाईनं लिहिली, आणि मधलं पेन्सिलीनं.